तोतयाने रात्रच निवडावी

मेलेल्या ग्रीक योद्ध्याचं चिलखत चढवलं की कालप्रवासी सहज खपून जाईल, असं कोणी म्हणतं तेव्हा मला ते अर्धंच पटतं. लांबून खपेल. इ.स.पू. ३९२ मध्ये कॉरिंथजवळ स्पार्टाच्या पासिमाखस या घोडदळाच्या सरदाराने आपल्या बाजूच्या सिक्योन शहरवाल्यांच्या सिग्मा (ग्रीक ‘स’) अक्षराच्या ढाली घेतल्या आणि शत्रूपक्षाचे आर्गोसवाले त्यांना सिक्योनवाले समजून फसले. (त्यात तो स्वतः मेला, ते सोडा.) पण फळीत खांद्याला खांदा लावून उभं राहायचं म्हणजे शेजारी ओळखीचेच असणार. अथेन्समध्ये तर गणवार, म्हणजे नागरिकांच्या जमातींप्रमाणे, पथकं असत. बापाचं नाव विचारलं की संपलं! त्यापेक्षा इ.स.पू. ४१३ ची, अथेन्सवाल्यांनी सिसिलीतल्या सिरॅक्यूज शहराजवळ केलेली रात्रीची लढाई बरी. परवलीचा शब्द शत्रूला कळलेला, आपल्याच डोरियन (शत्रूच्याच ग्रीक शाखेतल्या) साथीदारांचं रणगीत शत्रूसारखंच वाटून अथेन्सवाले घाबरलेले. त्या गोंधळात कोण कोणाला ओळखतंय?