प्लायचा फ्लँज सपाट भागालाच बरा

फायबरग्लासचा दोन तुकड्यांचा साचा करताना मूळ भागाभोवती, जिथे तुकडे जुळणार तिथे, एक तात्पुरती पट्टी लावतात, तोच फ्लँज. प्लायची कड नेमकी कापली की तो झाला, असं काही जण सांगतात. भाग एकाच अंगाला वळत असेल तर मान्य. पण मडगार्डसारखा दोन्ही अंगांनी वळणारा भाग आला की पार्टिंग लाइनच (तुकड्यांच्या जोडाची रेघ) वर-खाली धावते, आणि ताठ प्लाय तिच्यामागे काही जात नाही भाऊ. मी ३ मिमी सनबोर्ड (हलका फोमचा बोर्ड) वापरतो. वॉशरच्या भोकात पेन्सिल धरून वॉशर भागाला टेकवत फिरवला की वळण बोर्डावर उतरतं. खालच्या बाजूने दर दोन-अडीच सेंटीमीटरवर अर्ध्या जाडीचे काप दिले की पट्टी वाकते. वर पॅकिंग टेप, त्यावर वॅक्स. थर्मोकोल नको, पॉलिस्टर रेझिनमधलं स्टायरीन त्याला खाऊन टाकतं.

खरी गोची पट्टी आणि भाग यांच्यामधल्या फटीत भरलेल्या क्लेची (मऊ मातीची). काडीने काटकोनात खरवडायचा. कोपऱ्यात गोलाई राहिली तर साच्याची कड गोल होते आणि प्रत्येक नगावर जोडाची उभी रेघ घासत बसावं लागतं. त्यात आपला जळगावचा मे महिना! पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी माझा क्ले सैल पडून खाली सरकला, जेलकोट (साच्याचा पहिला रेझिनचा थर) फटीत शिरला, आणि प्लग (मूळ भाग) काढताना कडेचा टवकाच उडाला. तेव्हापासून उन्हाळ्यात फ्लँज आणि जेलकोट दोन्ही पहाटे, हार्डनर एक टक्क्याच्या आसपास. पट्टी धरून ठेवणारे ग्लूगनचे ठिपके मात्र खालूनच द्या, वरून दिले तर साच्यात उमटतात.