प्रतिसाद: बाँड सुटतोय, पण कुठून?

क्युअर टाइम (मोल्डमध्ये रबर पक्कं व्हायचा वेळ) वाढवूनही इन्सर्टवरून, म्हणजे रबर चिकटवायच्या धातूच्या तुकड्यावरून, रबर सुटतंय असं तुम्ही लिहिलंय. टाइम आणखी वाढवण्याआधी सुटलेला पीस हातात घेऊन नीट बघा. धातूवर रबराचा थर फाटून राहिला असेल तर बाँड ठीक आहे, रबरच कमी पडलं. धातू उघडा पडला असेल तर दोष ब्लास्टिंग-डिग्रीझिंगकडे (धातू खरखरीत करून तेलकटपणा काढणं); ब्लास्ट केलेले पीस प्रायमरआधी (अॅडहेसिव्हखालचा पहिला थर) उघडे पडून राहिले होते का, तेही विचारा. आणि अॅडहेसिव्ह धातूवर शाबूत, त्यावरून रबर गुळगुळीत निघालंय, असं असेल तर माझा संशय प्रीबेकवर, म्हणजे रबर येण्याआधीच अॅडहेसिव्ह भाजलं जाण्यावर.

आमच्याकडे हेच झालं होतं. ऑपरेटर सगळे इन्सर्ट सावकाश लावायचा. पहिला लावलेला इन्सर्ट रबर येईपर्यंत तापलेल्या मोल्डमध्ये भाजत बसायचा. अॅडहेसिव्ह आधीच क्युअर, मग रबराशी जुळणार काय? रिजेक्शन नेमकं पहिल्या कॅव्हिट्यांत (मोल्डमधले पीस बनायचे खण). सगळे इन्सर्ट एकदम बसवणारं लोडिंग फिक्स्चर केल्यावर थांबलं.

फक्त गेटसमोरच (रबर कॅव्हिटीत शिरतं ते तोंड) सुटत असेल तर मात्र रबराच्या धारेने अॅडहेसिव्ह पुसलं जातंय. इंजेक्शन स्पीड उतरवून बघा, पण फार नको, नाहीतर स्कॉर्च, म्हणजे कॅव्हिटी भरण्याआधीच रबर क्युअर होणं, गळ्यात पडेल. कॅव्हिटी नंबरनुसार रिजेक्शनचे आकडे टाका इथे.