मदत हवी आहे: मुलीच्या मणक्याच्या एक्स-रेत रेडिएशन कमी कसं करता येईल?

मुलगी १२ वर्षांची, स्कोलिओसिस (मणक्याला बाजूला बाक) आहे, कॉब अँगल म्हणजे बाकाचा कोन २६ डिग्री, पाठीचा ब्रेस चालू आहे. वाढ थांबेपर्यंत अधूनमधून पूर्ण मणक्याचा उभ्याने एक्स-रे लागणारच आणि या वयात छातीवर, थायरॉइडवर उगाच डोस नको म्हणून जीव टांगणीला लागलाय. बाजूचा व्ह्यू दरवेळी नको हे डॉक्टरांशी बोलून ठरलंय, जुन्या फिल्मची सीडीपण सोबत नेतो. पण सेंटरवाले समोरूनच काढतात, पीए म्हणजे पाठीकडून घ्या म्हटलं की "आमच्याकडे असंच काढतात". एमआरआय सुचवू नका प्लीज, झोपून बाक कमी दिसतो. पुण्या-मुंबईत लो-डोसवालं ईओएस एक्स-रे मशीन कुठे चालू आहे का? नसेल तर पीएच निघावा म्हणून डॉक्टरांकडून चिठ्ठीवर नेमकं काय लिहून घेऊ?