लष्कर हे नाव मार्शल लॉच्या आधीचं

सोलापुरातल्या जुन्या इमारतींची यादी करायच्या या चर्चेत वर कुणी लिहिलंय की इथल्या 'लष्कर' भागाला ते नाव १९३० च्या मार्शल लॉमुळे, म्हणजे लष्करी अंमलामुळे पडलं. हे मला पटत नाही. मे १९३० मध्ये शहरात फौज उतरली, मार्शल लॉ लागला, हे खरंच. पण हे नाव त्याच्या कितीतरी आधीचं आहे. मे १८१८ मध्ये इंग्रज सेनानी मन्रोने पेशव्यांच्या फौजेचा पराभव करून भुईकोट किल्ला घेतला, त्यानंतर इंग्रजांची छावणी इथे बसली. पुरावा रोजच्या पत्त्यातच आहे: 'उत्तर सदर बझार, लष्कर'. सदर बझार म्हणजे छावणीचा मुख्य बाजार. साताऱ्याला, जालन्याला, पार मेरठ-अंबाल्यालासुद्धा जिथे छावणी तिथे सदर बझार सापडतो. पलटण हलली, बाजार राहिला.

आमच्या आजीचं माहेर लष्करातलं. ती पेठेतून निघताना "जरा लष्करात जाऊन येते" म्हणायची, जणू दुसऱ्या गावाला निघाली. पेठेतले बोळ एवढे अरुंद की समोरून बैलगाडी आली तर ओट्यावर चढून उभं राहायचं, आणि तिकडे गेलं की रस्ते एकदम सरळ, रुंद. लहानपणी तिचं बोट धरून जाताना हा फरक पायांना कळायचा. म्हणून जुन्या इमारतींची यादी करताय तर रस्त्यांची आखणीही टिपून ठेवा, कळकळीने सांगतो. बंगले पाडून अपार्टमेंट झाली, पण छावणीची खूण रस्त्यांत अजून आहे.