हापूसखाली उभ्या गाडीला घरच्या घरी मशीन पॉलिश : ग्राइंडर चालेल का?

आंबेवाली, देवगड
गडद निळी स्विफ्ट आहे, २०१६ ची. गॅरेज नाही, खळ्यातल्या हापूसखाली उभी असते. मोहराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा टपभर, त्यावर चिऱ्याची लाल धूळ. आणि मी शाळा गाठायच्या घाईत रोज सकाळी यजमानांच्या जुन्या बनियनने ते सगळं खसाखसा पुसते. आता उन्हात बोनेट बघवत नाही, कोळ्याने जाळं विणल्यासारखे गोल गोल ओरखडे. डाव्या दरवाजावर बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके, टपावर आंब्याचा चीक पडून दोन-तीन डाग.
दुकानात रबिंग-पॉलिशचा आकडा ऐकला आणि परत आले. दिरांकडे ४ इंची ग्राइंडर आहे. म्हणतात, फोमचं चाक लावतो, अर्ध्या तासात आरसा करून देतो. देऊ का? पावसाला महिना आहे.

दांडीकिनारा, मालवण
ग्रायंडर? रंग जातलो मा रे! दिरांना चहा द्या आणि ग्राइंडर माळ्यावर ठेवायला सांगा.

हर्णेकर
ताई, मीच तो दीर. म्हणजे माझ्या वहिनीचा.
आमचं घरचं काम फायबरच्या होड्यांचं. होडीवरचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत थर, सुमारे अर्धा मिलिमीटर जाड. त्यावर लोकरीचं पॅड लावून रोटरी मशीन बिनधास्त दाबायचं, हाताला तीच सवय. तोच हात घेऊन वहिनीच्या काळ्या गाडीवर गेलो. बोनेटच्या कडेला, जिथे पत्रा वळतो तिथे, दोन सेकंद जास्त रेंगाळलो आणि खालचा राखाडी प्रायमर बाहेर आला. वहिनी आजही गाडी लावताना तो कोपरा माझ्या खोलीच्या खिडकीकडे करते. बोलत काही नाही.
गाडीचा सगळा रंग प्रायमरसकट साधारण १०० ते १५० मायक्रॉन (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर). त्यातला वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, ३५ ते ५०, म्हणजे जेलकोटच्या जेमतेम दहावा हिस्सा. कडांवर त्याहून कमी. पॉलिश म्हणजे वरून चमक चढवणं नव्हे, ओरखड्याच्या तळाकडे हा थर घासत नेणं. गेला तो परत येत नाही. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला १०-११ हजार फेरे मारतो, पॉलिशचं रोटरी मशीन ६०० ते ३०००. बाकी तुम्हीच समजा.
नवीन हाताला डीए, म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन मशीन. पॅड फिरतंही आणि डुलतंही. जोर जास्त झाला की फिरणं थांबतं, त्यामुळे रंग जाळायला मुद्दाम मेहनत घ्यावी लागते. मागच्या प्लेटवर मार्करने रेघ ओढा, ती फिरताना दिसली पाहिजे.
पण मशीन शेवटी! आपल्याकडे खरं काम त्याआधीचं. नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा, मग शॅम्पू, दोन बादल्या (एक शॅम्पूची, एक फडकं खळबळायला), चिकटा पूर्ण सुटेपर्यंत. मग हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोनेटवरून फिरवा. खरखर लागली की क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, भरपूर ओला ठेवून. क्ले खळ्यात पडला तर धुऊन वाचवू नका, फेकून द्या. मी वाचवायला गेलो होतो, चिऱ्याच्या एका कणीने दरवाजावर हातभर रेघ आली.
कडा, रबर, काळं प्लास्टिक यांवर मास्किंग टेप. गाडी सावलीत, पत्रा हाताला गार. आधी मऊ पॅड आणि बारीक पॉलिश एका कोपऱ्यात वापरून बघा, नाहीच भागलं तर कंपाऊंड, म्हणजे जास्त घासणारं जाडं पॉलिश. वाटाण्याएवढे ४ थेंब, दीड-दोन फुटांचा चौकोन, स्पीड १ वर पसरायचं, मग ४-५ वर आडवं-उभं, चार वेळा. हात इतका हळू की बघणाऱ्याला कंटाळा यावा. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडा. एका पॅडवर गाडी होत नाही, चार तरी घ्या.

जांभादगड, रत्नागिरी
गॅरेज आहे माझं, म्हणून थोडी भर. चिकाच्या डागावरून नख फिरवा. नख अडकलं तर तो डाग पॉलिशने पूर्ण जाणार नाही, हट्ट करू नका. बोअरच्या ठिपक्यांना आधी पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून लावा, लगेच धुवा. अर्धे तिथेच निघतात. बंपर प्लास्टिकचा, उष्णता पसरत नाही आणि रंग पटकन तापतो, तिथे हात हलका.
एक चौकोन झाला की आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून पुसा. काही पॉलिशमधलं तेल ओरखडे नुसतं झाकतं आणि दोन धुण्यांत सगळं परत दिसतं. शेवटी सीलंट किंवा वॅक्स हवंच. आणि दगड उडून जिथे टवका गेलाय तिथे आधी टचअप. खारी हवा पॉलिशला घाबरत नाही, गंज आतून चालत राहतो.

आंबेवाली, देवगड
सगळ्यांचे आभार. रत्नागिरीच्या मैत्रिणीकडून डीए आणलं. दोन रविवार गेले. पहिला पूर्ण रविवार फक्त धुण्यात आणि क्लेमध्ये, आणि बादलीतलं पाणी अक्षरशः गेरूसारखं! मऊ पॅडनेच बोनेटवरची बरीचशी जाळी गेली, कंपाऊंड फक्त डाव्या दरवाजाला. मध्ये दोनदा लाईट गेली, एकदा पॉलिश पत्र्यावर तसंच सुकलं, ते काढताना रडकुंडीला आले. टपावरचा एक डाग नखाला लागतो, तो ठेवलाय. दिरांनी टेप लावली, मन लावून लावली.
बनियन कायमची गेली, मायक्रोफायबर आणलंय. आता गाडी आंब्याखालून हलवायची. पलीकडे काजू आहे, तिथे लावू का?

हर्णेकर
काजूच्या बोंडाचा डाग शर्टावरून निघालेला बघितलाय का कधी? मांडव घाला, ताई.