फोर्डचे 5 डॉलर: दिले की मिळवले?

(हिशेबनीस, तिसरी पाळी आणि पाटा या टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांची चर्चा)

हिशेबनीस

5 जानेवारी 1914 रोजी हेन्री फोर्डने हायलँड पार्कच्या मोटार कारखान्यात दिवसाला 5 डॉलर देण्याची घोषणा केली. तोवर तेथे नऊ तासांचे 2 डॉलर 34 सेंट मिळत होते. आता कामाचे तासही आठच झाले. बातमी पसरताच डेट्रॉइटच्या कडाक्याच्या थंडीत कारखान्याच्या फाटकावर नोकरीसाठी हजारोंची झुंबड उडाली.

अमेरिकेच्या औद्योगिकीकरणाची चर्चा आपल्याकडे शोषणाने सुरू होते आणि तेथेच संपते. माझे मत असे आहे की, तेथील कामगाराचे जिणे संपापेक्षा वाढत्या उत्पादनाने सुधारले. गाडीचा सांगाडा जोडायला साडेबारा तास लागत, ते काम सरकत्या पट्ट्यामुळे सुमारे दीड तासावर आले. 1908 मध्ये 850 डॉलरना मिळणारी मॉडेल टी 1925 पर्यंत 300 डॉलरच्या आत आली आणि ती जोडणाऱ्याच्या आवाक्यात आली. याउलट होमस्टेडला 1892 मध्ये कार्नेगीच्या पोलाद कारखान्यात संपकरी आणि पिंकर्टनचे भाडोत्री रक्षक यांच्यात गोळीबार होऊन दोन्हीकडची माणसे मेली, आणि शेवटी संघटनाच मोडली. फोर्डच्या कारखान्यात तर 1914 मध्ये मान्यताप्राप्त संघटना नव्हतीच. तरी मजुरी दुप्पट झाली.

तिसरी पाळी

मजुरी दुप्पट का झाली, हे आपण सांगितलेच नाही. 1913 मध्ये त्या कारखान्यातील कामगारांच्या गळतीचे प्रमाण 370 टक्के होते. म्हणजे शंभर जागा भरलेल्या ठेवण्यासाठी वर्षभरात साधारण 370 माणसे घ्यावी लागत. पट्ट्यावरचे काम माणसाला इतके नकोसे झाले होते की, तो डबा उचलून चालू पडत असे. संघटना नसलेल्याचा संप असाच असतो. शिवाय त्याच वर्षी जूनमध्ये डेट्रॉइटच्या स्टुडबेकर कारखान्यात आय.डब्ल्यू.डब्ल्यू. या जहाल संघटनेने संप घडवला होता, तो फोर्डला दिसला नसेल काय?

दुसरे असे की, ते 5 डॉलर सरसकट मजुरी नव्हतेच. मजुरी जुनीच राहिली. वरची रक्कम नफ्यातील वाटा म्हणून, वागणूक पसंत पडल्यास मिळे. त्यासाठी कंपनीच्या समाजशास्त्र विभागाचे तपासनीस घरी येत, दारू किती पितो, बचत किती, घरात पोटभाडेकरू ठेवले आहेत का, असे विचारत. स्त्रियांना तर सुरुवातीला या योजनेतून वगळलेच होते. सासूने सुनेचे डबे उघडून पाहावेत, तसा हा प्रकार.

हिशेबनीस

तपासनीसांचा प्रकार आक्षेपार्ह होता, हे मान्य. परंतु हेतू हिशेबी असला म्हणून परिणाम खोटा ठरत नाही. जानेवारी 1914 मध्येच एका कामगाराच्या बायकोने फोर्डला निनावी पत्र लिहिले, त्यात तिने स्वतः या 5 डॉलरना वरदान म्हटले आहे.

पाटा

ते पत्र आपण अर्धेच सांगितले. त्याच पत्रात ती बाई लिहिते की, नवरा घरी येऊन अंग टाकून देतो, इतका थकलेला असतो की जेवतही नाही. आणि हे पट्ट्याचे काम म्हणजे गुलाम हाकण्याचा प्रकार आहे. वरदान म्हटल्यावर लगेच, ते पैसे ही माणसे कष्टाने कमावतात, असेही ती बजावते.

मी चाकणच्या एका कारखान्यात सहा वर्षे लाइनवर काढली आहेत, म्हणून मला ही बाई फार जवळची वाटते. आमच्याकडे पगार वेळेवर होता, बसही होती. पण लघवीला जायचे तरी रिलिव्हर येईपर्यंत थांबावे लागे, आणि तो येईपर्यंत हातातले नट घट्ट करणे चालूच. घरी गेल्यावर मुलगी काही सांगू लागली की मान हलवायची. शब्द डोक्यात शिरत नसत. तरी ती नोकरी मी सोडली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे, कारण गावाकडे तेवढे पैसे देणारे दुसरे कोणी नव्हते.

तिसरी पाळी

आणि ते वरदान टिकले किती? पहिल्या महायुद्धाच्या महागाईत 5 डॉलरची किंमत जवळजवळ अर्ध्यावर आली. 1919 मध्ये फोर्डने 6 डॉलर केले, पण तेवढ्याने ती तूट भरली नाही. 7 मार्च 1932 रोजी महामंदीत बेकार झालेल्यांचा मोर्चा फोर्डच्या डिअरबॉर्न येथील रूज कारखान्यावर गेला, तेव्हा पोलीस आणि कंपनीचे पहारेकरी यांच्या गोळीबारात चार जण जागीच ठार झाले. संघटनेशी करार व्हायला 1941 साल उजाडले, तेही संप झाल्यावर. मालकाने आपण होऊन दिलेले मालक आपण होऊन कमीही करू शकतो, आणि अडत होते ते नेमके तेथेच.

हिशेबनीस

1932 च्या गोळीबाराचे समर्थन मी करणार नाही, आणि पत्राचा उरलेला भाग मी गाळायला नको होता. गळतीचा मुद्दाही मला पटला. कामगारांनी पाय काढले नसते, तर फोर्डने एवढा खिसा सैल केला नसता. मात्र 1941 च्या करारात वाटून घ्यायला जे काही होते, ते त्या पट्ट्यानेच निर्माण केले होते, या मतावर मी अजून कायम आहे.

पाटा

पट्ट्याने, आणि पट्ट्यावर उभ्या असलेल्यांनी. त्या बाईचा नवरा पुढे तेथे टिकला की नाही, हे त्या पत्रावरून कळत नाही.