फ्रँकेल: आजवरचा सर्वश्रेष्ठ घोडा की जपून पळवलेला घोडा?

महालक्ष्मीकर

घोड्यांच्या शर्यतीत रस असलेले इथे मोजकेच आहेत, पण मला त्यांच्याशीच वाद घालायचा आहे. विषय फ्रँकेल.

१४ शर्यती पळाला, १४ जिंकला. २०१२च्या मोसमानंतर जागतिक क्रमवारीत त्याला १४० रेटिंग मिळालं आणि तेव्हापासून 'आजवरचा सर्वश्रेष्ठ' हे बिरुद त्याला कायमचं चिकटलं. घोडा असामान्य होता, याबद्दल माझा वाद नाही. पण सर्वश्रेष्ठ म्हणवून घ्यायला जी परीक्षा द्यावी लागते, तिला त्याला बसवलंच गेलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

न्यूमार्केट, डॉन्कास्टर, अ‍ॅस्कट, न्यूबरी, गुडवुड, यॉर्क. एवढ्यात त्याचं सगळं करिअर संपलं. इंग्लंडबाहेर पाऊल नाही. आर्क या फ्रान्सच्या सगळ्यात मोठ्या शर्यतीसाठी पॅरिसला नाही, मातीच्या ट्रॅकवर पळायला अमेरिकेला नाही. शिवाय १४ पैकी १२ शर्यती एक मैल किंवा त्याहून कमी अंतराच्या. आपल्याकडे मुंबईत गिनीज १,६०० मीटरची, डर्बी २,४०० मीटरची आणि पुण्याला सेंट लेजर २,८०० मीटरची असते. गिनीज रुबाबात मारलेला घोडा डर्बीच्या शेवटच्या दोनशे मीटरमध्ये कसा उभा राहतो, हे महालक्ष्मीच्या स्टँडमधून मी कितीतरी वेळा पाहिलंय. म्हणून डर्बीला मान आहे. फ्रँकेल त्या वाटेला गेलाच नाही.

बरं, समोर कोण होतं? २०११ आणि २०१२ या दोन्ही वर्षी गुडवुडच्या ससेक्स स्टेक्समध्ये मोजून चार घोडे. २०१२ला तर त्याचा भाव १/२० होता, म्हणजे वीस लावा आणि एक कमवा. त्या चारांतला एक त्याचाच पेसमेकर (पुढे पळून शर्यतीचा वेग ठरवून देणारा साथीदार), नात्याने भाऊ लागणारा बुलेट ट्रेन.

याउलट सी बर्ड बघा. १९६५ साली एप्सम डर्बी जिंकली आणि त्याच वर्षी वीस घोड्यांच्या आर्कमध्ये सगळ्यांना धुतलं. त्या वीसांत फ्रेंच डर्बीचा विजेता रिलायन्स, आयरिश डर्बीचा विजेता मेडो कोर्ट, अमेरिकेतून आलेला प्रीकनेसचा विजेता टॉम रोल्फ आणि रशियाचा अनिलिन होते. दुसरा आलेला रिलायन्स सहा लेंथ (घोड्याच्या लांबीइतकं अंतर म्हणजे एक लेंथ) मागे राहिला. याला म्हणतात परीक्षा.

जाणकारांनी सांगावं, माझं कुठे चुकतंय?

गणिती

रेटिंगपुरतं बोलतो. आधीच्या यादीत डान्सिंग ब्रेव्ह १४१ वर होता, १९८६च्या कामगिरीसाठी. जानेवारी २०१३मध्ये फ्रँकेलचे १४० जाहीर झाले, त्याच वेळी ही क्रमवारी ठरवणाऱ्या समितीने १९७७पासूनचे सगळे आकडे पुन्हा तपासून जुन्या घोड्यांचे कमी केले. डान्सिंग ब्रेव्ह १३८ वर आला. शेरगार आणि अ‍ॅलेज्ड यांनाही खाली आणलं. आधीच्या दशकांत आकडे सैल हाताने दिले गेले होते, हा समितीचा युक्तिवाद. तो बरोबर असेलही, पण नवा राजा बसवायच्या दिवशीच जुन्याची उंची कापली हे मला खटकतं. डान्सिंग ब्रेव्हचा मालकही फ्रँकेलचाच, प्रिन्स खालिद अब्दुल्ला. म्हणजे एकाच घरातून मुकुट काढला आणि त्याच घरात दिला.

टाइमफॉर्म या ब्रिटिश रेटिंग संस्थेचं गणित मात्र वेगळं आहे. ते आपले जुने आकडे हलवत नाहीत. तिथे १९६५पासून सी बर्ड १४५ वर पहिला होता आणि फ्रँकेलला त्यांनी १४७ दिले. हा निकाल मला जास्त वजनदार वाटतो.

रेडिंगवासी

महालक्ष्मीकर काका, तुमचा डर्बीचा मुद्दा मला कळतो, पण सगळ्यात मोठी परीक्षा तुम्ही मोजतच नाही आहात. घोडा कुठे पळाला हे तुम्ही पाहताय. त्याने ज्यांना हरवलं ते पुढे काय झाले, हे पाहा ना.

एक्सलेब्रेशनपासून सुरू करते. हा घोडा फ्रँकेलसमोर पाच वेळा आला आणि पाचही वेळा हरला. मग तो सामान्य होता का? फ्रँकेल नसेल तिथे हाच एक्सलेब्रेशन २०११ला लाँगशाँला प्री द्यू मूलाँ जिंकतो, २०१२ला दोव्हिलला जाक ल मारवा जिंकतो आणि त्याच ऑक्टोबरात अ‍ॅस्कटला क्वीन एलिझाबेथ द सेकंड स्टेक्स आरामात मारतो. मैलाच्या अंतराचा तो युरोपातला अव्वल घोडा होता. त्याच्या जन्मसालात फ्रँकेल जन्मला नसता तर आज आपण त्याच्यावर धागे काढत असतो. आणि हा अव्वल घोडा फ्रँकेलच्या मागे किती राहिला? ग्रीनहॅममध्ये चार लेंथ, २०११च्या क्वीन एलिझाबेथमध्ये चार, २०१२च्या लॉकिंजमध्ये पाच आणि जून २०१२च्या क्वीन अ‍ॅनमध्ये अकरा. अकरा लेंथ, काका! एक मैलाच्या ग्रुप वन, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या शर्यतीत, दुसऱ्या क्रमांकावर असा घोडा असताना.

आता 'फार' नावाचा घोडा घ्या. तुमच्या त्या चार घोड्यांच्या २०१२च्या ससेक्समध्ये दुसरा आलेला हाच. सहा लेंथ मागे. यॉर्कलाही दुसरा, सात लेंथ मागे. पुढच्या वर्षी फारने लॉकिंज आणि चॅम्पियन स्टेक्स, दोन्ही जिंकल्या. यॉर्कला त्याच्या नाकभर मागे तिसरा होता सेंट निकोलस अ‍ॅबी. त्याने एप्समची कोरोनेशन कप ओळीने तीन वर्षं जिंकली आणि अमेरिकेत ब्रीडर्स कप टर्फही. म्हणजे फ्रँकेल अमेरिकेला गेला नाही, पण अमेरिकेत जिंकून आलेला घोडा त्याने यॉर्कला सात लेंथ मागे टाकला.

नथॅनियलची गोष्ट मला सगळ्यात आवडते. १३ ऑगस्ट २०१० ला न्यूमार्केटला फ्रँकेल पहिल्यांदा पळाला तेव्हा त्याच्या मागे अर्ध्या लेंथवर नथॅनियल होता, तोही पहिल्यांदाच पळत होता. त्या दिवशी तिथे काय उभं आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नथॅनियलने पुढे किंग जॉर्ज जिंकली, एक्लिप्स जिंकली. आणि २० ऑक्टोबर २०१२ ला फ्रँकेलच्या शेवटच्या शर्यतीत तिसरा कोण? नथॅनियलच.

त्या दिवशी मी अ‍ॅस्कटला होते. आठवडाभर पाऊस झाला होता, ट्रॅकवर चिखल. त्याला चिखल मानवेल की नाही, अशी कुजबुज चालली होती. गेट उघडलं आणि फ्रँकेल क्षणभर उभाच राहिला, दोन-तीन लेंथ तिथेच गेल्या. स्टँडमध्ये जो आवाज उठला तो आनंदाचा नव्हता. पुढे सिरस देझेग्ल, चिखलाचा राजा, आदल्या वर्षी हीच शर्यत जिंकलेला. फ्रँकेलला ती जमीन मुळीच आवडत नव्हती, हे त्याच्या पावलांवरून दिसत होतं. नेहमी तो ज्या सहजतेने सरकतो, ती नव्हती. तरी सरळ रेषेत लागल्यावर त्याने सिरसला गाठलं, मागे टाकलं आणि पावणेदोन लेंथने जिंकला. दहा-दहा लेंथने जिंकणाऱ्या घोड्याचा तो पावणेदोन लेंथचा विजय मला त्याच्या सगळ्यात मोठ्या विजयांपैकी एक वाटतो, कारण नावडत्या जमिनीवर, उशिरा सुटून, तिथल्या राजाला त्याने हरवलं.

२०२२ला याच शर्यतीत बाईद आला होता. १० पैकी १० जिंकलेला, सगळे त्याला नवा फ्रँकेल म्हणत होते. तोही ओल्या जमिनीवर पळाला आणि चौथा आला.

महालक्ष्मीकर

ताई, तुम्ही प्रत्यक्ष पाहिलंय, त्याचा मान आहे. एक्सलेब्रेशन आणि फारचा मुद्दाही बिनतोड आहे. पण दोन गोष्टींचं उत्तर राहिलं. जून २०११ला अ‍ॅस्कटच्या सेंट जेम्सेस पॅलेसमध्ये झोफनी त्याच्या पाऊण लेंथवर आला होता. आणखी थोडं अंतर असतं तर? आणि ज्या कॅनफर्ड क्लिफ्सला त्याने गुडवुडला पाच लेंथने हरवलं, तो त्या दिवशी जायबंदी झाला आणि पुन्हा पळालाच नाही. तो विजय पूर्ण कसा मानायचा? आणि डर्बी?

खरारा

मी पुण्याजवळच्या एका स्टडवर बरीच वर्षं काम केलंय, शिंगरांना लगामाची सवय लावणं हेच काम. म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो.

फ्रँकेल लहानपणी डोक्याने तापट होता. दोन वर्षांचा असताना ड्यूहर्स्ट शर्यतीत बघा, जॉकीच्या हातातून तोंड सोडवून घ्यायला किती ओढतोय. असा घोडा ताकद पहिल्याच हजार मीटरमध्ये उधळतो. २०११च्या गिनीजला त्याचा जॉकी टॉम क्वीली याने त्याला आवरण्याऐवजी सोडून दिलं. अर्ध्या वाटेवर तो दहा-पंधरा लेंथ पुढे होता, शेवटी सहा लेंथने जिंकला. म्हणजे पुढचा अर्धा भाग त्याने जवळजवळ थकून काढला. त्या गिनीजची फिल्म मी शिकाऊ पोरांना दाखवायचो, एवढी आघाडी घेऊनही घोडा कसा टिकतो ते दिसावं म्हणून. सेंट जेम्सेस पॅलेसला क्वीलीने फार लवकर मुसंडी मारली, पेसमेकरच्या मागे फार लवकर सोडलं, तिथे शेवटी दम संपला. तो पाऊण लेंथ जॉकीच्या अंदाजाचा आहे.

डर्बीचं म्हणाल, तर त्याची आई काइंड ही पाच-सहा फर्लांगांची घोडी. बाप गॅलिलिओ डर्बीवाला, आई स्प्रिंटर. वर तापट डोकं. असा घोडा जूनमध्ये एप्समच्या उतारावर दीड मैल पळवायचा म्हणजे त्याच्या मनाची नासाडी करायची. १९४७ला ट्युडर मिन्स्ट्रेलने गिनीज आठ लेंथने मारली होती. डर्बीत फेव्हरेट म्हणून उतरला आणि चौथा आला. ट्रेनर हेन्री सेसिलने चार डर्बी जिंकल्या होत्या, हे काम त्याला येत नव्हतं असं म्हणता येणार नाही. त्याने घोड्याला आधी शांत राहायला शिकवलं. दर शर्यतीत फ्रँकेल आधीपेक्षा शांत दिसतो. २०१२च्या यॉर्कला तो मागे, ढिल्या लगामावर, कुणाच्याही मागे निवांत पळतोय आणि सरळ रेषेत क्वीलीने हात हलवण्याआधीच घोड्यांच्या बाजूने वर येतोय. दोन वर्षांपूर्वीचं ते ओढाताण करणारं शिंगरू हेच, यावर विश्वास बसत नाही. मला यात सेसिलचं काम सगळ्यात मोठं दिसतं.

रेडिंगवासी

खरारा, यॉर्कबद्दल अगदी माझ्या मनातलं बोललात. तेव्हा सेसिल कर्करोगाने पार खंगले होते, आवाज जेमतेम निघत होता. २००५ साली ज्या माणसाच्या तबेल्यातून वर्षभरात जेमतेम १२ विजेते निघाले, त्याच्या हातात हा घोडा आला. ११ जून २०१३ला सेसिल गेले, फ्रँकेलच्या निवृत्तीला वर्षही झालं नव्हतं. बऱ्याच लोकांच्या मनात घोड्याची कीर्ती या गोष्टीत मिसळली आहे, हे मान्य करायला हवं. भावनेचं वजन काढून टाकलं तर काय उरतं, हे तपासायचं असेल तर क्वीन अ‍ॅन आणि यॉर्क या दोन शर्यती आवाज बंद करून बघा.

काका, कॅनफर्ड क्लिफ्सचा विजय मी पण अर्धाच मोजते. तो वगळा. झोफनीचाही हवा तर वगळा. उरलेल्या १२मध्ये तरी तुमचं म्हणणं टिकतं का ते सांगा.

आणि दीड मैलाचं उत्तर त्याच्या पोरांनी दिलंय. अडायारने २०२१ची एप्सम डर्बी जिंकली. त्याच वर्षी हरिकेन लेनने आयरिश डर्बी आणि सेंट लेजर. अ‍ॅनापुर्ना २०१९ची ओक्स. अल्पिनिस्टा या घोडीने २०२२ची आर्क जिंकली, तीही चिखलात. यावरून तो स्वतः दीड मैल टिकला असता हे सिद्ध होत नाही, पोरांच्या आयांचाही वाटा असतो. पण त्याचं रक्त अंतराला घाबरणारं नव्हतं, एवढं तरी दिसतं.

गणिती

एक भर. १४० हा आकडा आता एकट्या फ्रँकेलचा राहिलेला नाही. २०२२ला अमेरिकेच्या फ्लाइटलाइनला तेवढंच रेटिंग मिळालं, फक्त सहा शर्यती पळून. माझ्या हिशेबात १४ शर्यती आणि तीन मोसम पळून, प्रत्येक वेळी पाठीवर तोच मान घेऊन जिंकणं जास्त अवघड. दोन, तीन आणि चार वर्षांचा असताना, तिन्ही वयांत, तो ग्रुप वन जिंकला आणि शेवटच्या नऊ शर्यती सगळ्या ग्रुप वन होत्या.

महालक्ष्मीकर

ताई, यॉर्क आणि क्वीन अ‍ॅन रात्री आवाज बंद करून पाहिल्या. क्वीन अ‍ॅनमध्ये शेवटच्या दोन फर्लांगांत मागचे घोडे थांबल्यासारखे दिसतात आणि ते थांबलेले नाहीत. मैलाच्या अंतरावर त्याच्यासारखा दुसरा नाही, हे मी लिहून देतो.

सी बर्ड मात्र मी सोडत नाही. वीस घोड्यांच्या गर्दीतून, दीड मैल, चार देशांच्या निवडक घोड्यांसमोर सहा लेंथ, हे फ्रँकेलने करून दाखवलेलं नाही. टाइमफॉर्मच्या १४७ आणि १४५मध्ये जो दोनाचा फरक आहे, तो मला उलटा हवा. कुणाकडे १९६५च्या आर्कची पूर्ण फिल्म बघितल्याचा अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा, रिलायन्सच्या बाजूने बोलणारा कुणी असेल तर जास्तच चांगलं.